मोठे मत्स्यालय : गाळणीची निवड आणि मांडणी

बजबज ज्या दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यात वसले आहे, तेथे शोभिवंत माशांची पैदास हा अनेक कुटुंबांचा घरगुती व्यवसाय आहे. मात्र असे निरोगी मासेही नव्या टाकीत थोड्याच दिवसांत दगावल्याचे पुष्कळदा आढळते. दोष बहुधा माशांचा नसून पाण्याचा असतो.

माशांचे उत्सर्जन व उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. पाणी नितळ दिसले तरी हे विष त्यात असू शकते. फिल्टरमधील जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. म्हणून फिल्टर ही केवळ चाळणी नसून जिवाणूंचे वसतिस्थान होय. २००२ साली रामसर यादीत समाविष्ट झालेल्या पूर्व कोलकाता पाणथळ प्रदेशातील मत्स्यतलावांतही सांडपाण्याचे शुद्धीकरण जिवाणू, शैवाल व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्यानेच होते.

चार फूट लांब, दीड फूट रुंद व तितक्याच उंच टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. तिला ताशी १००० ते १२५० लिटर पाणी फिरविणारा कॅनिस्टर फिल्टर योग्य ठरतो. पाणी आधी स्पंजमधून व मग सिरॅमिक कड्यांमधून जावे.

जिवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मोजकेच मासे सोडावेत. पुढे दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज विसळावा, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारक ठरते. मुदत ठेवीप्रमाणे येथेही संयमाचे फळ चांगलेच मिळते.