ऋण कोणाचे, सोडणारा कोण?

गोदावरीच्या उगमाची पुराणकथा मुळात एका प्रायश्चित्ताची कथा आहे. गौतम ऋषींच्या हातून, दर्भाच्या काडीने का होईना, गोहत्या घडली, तो दोष फिटावा म्हणून त्यांनी ब्रह्मगिरीवर तप केले आणि शंकराच्या जटेतली गंगा त्र्यंबकेश्वरी उतरवली, असे ती सांगते. नदीचे गौतमी हे नाव त्यावरूनच पडले. ज्या नाशकात रामकुंडावर बारा महिने पापक्षालनासाठी बुड्या मारल्या जातात आणि गुरू सिंह राशीत आला की त्याच हेतूने देशभरातून माणसे लोटतात, तिथे पाप धुतले जाते ही कल्पना कोणाला समजावून द्यावी लागत नाही. ख्रिस्ती क्षमाविचार मात्र उलगडून सांगावा लागतो, कारण त्याच्या एका मुख्य प्रतिमेत पाणी नसून कर्ज आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र आणि उपदेश सांगणाऱ्या चार ग्रंथांपैकी पहिल्यात, येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात अपराधासाठी आलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'देणे' असा आहे, आणि मराठी भाषांतरकारांनीही तिथे 'ऋण' हाच शब्द योजला. त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात एक चाकर राजाचे दहा हजार तालांत देणे लागतो. एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार होत आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके, वर्षाला ३०० दिवस राबूनही दोन लाख वर्षे फेडत बसावे लागेल असे. राजा ते सगळे सोडतो. बाहेर पडताच हा चाकर शंभर दिनारांसाठी दुसऱ्या चाकराची मानगूट धरतो, आणि ते कळल्यावर राजा दिलेली माफी मागे घेतो. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा बराचसा पेच या एका गोष्टीत आहे: क्षमा कमवावी लागत नाही, ती कृपेने, म्हणजे लायकी न पाहता मिळते, पण जो ती पुढे देत नाही त्याच्या हाती ती टिकत नाही.

कर्जमाफी जाहीर झाली म्हणून कर्ज हवेत विरत नाही, ते कोणाच्या तरी खात्यावर चढते, हे नाशिक जिल्ह्यातल्या कांदा-द्राक्ष उत्पादकाला सांगायला नको. क्रूसाचा, म्हणजे येशूच्या वधस्तंभावरील मृत्यूचा, अर्थ ख्रिस्ती परंपरा नेमका इथे लावते: माफी फुकट नव्हती, सावकारानेच, म्हणजे देवाने, पुत्राच्या रूपाने नुकसान स्वतःच्या अंगावर घेतले. त्यासाठी मराठी बायबलात 'खंडणी' हा शब्दही येतो, गुलाम सोडवण्यासाठी भरायची रक्कम या अर्थाने. नाशिकपुरती ही प्रतिमा पुस्तकी नव्हती. चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीचे नाव शरणपूर, आणि गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथल्या आश्रमशाळेत वाढली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा मिशनरी प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत होता आणि १८७४ साली लंडनमधल्या त्यांच्या दफनविधीला हजर होता. अर्थात या मुलांची सुटका खंडणी भरून नव्हे, तर इंग्रज आरमाराच्या तोफांच्या धाकाने झाली होती, हा तपशील प्रवचनात सहसा येत नाही.

जे हा धर्म मानत नाहीत त्यांचे आक्षेप एका जातीचे नाहीत. १८५७ साली हिंदू धर्मोपदेशक विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी वाद घालत होते, त्या काळापासून कर्मसिद्धान्त मानणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे: करावे तसे भरावे. एकाच्या कर्माचे फळ दुसरा भोगूच शकत नसेल, तर निष्पापाने अपराध्यांसाठी मरणे हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच प्रकार ठरतो. बौद्धांचा मुद्दा आणखी मुळाशी जातो. नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा करणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १९५६ साली बौद्ध धम्म स्वीकारला, आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, असा भेद केला. जिथे मोक्ष देणाराच नाही, तिथे क्षमा मागायची कोणाकडे, हा प्रश्न उरत नाही. निरीश्वरवादी विवेकवाद्याला काळजी वाटते ती सवयीची: माफी हमखास असेल तर प्रामाणिकपणे हप्ते भरणारा मूर्ख ठरतो. महाराष्ट्रातल्या २०१७च्या शेतकरी कर्जमाफीत नियमित फेड करणाऱ्यांसाठी वेगळी प्रोत्साहनपर रक्कम ठेवावी लागली, ती याच कुरकुरीमुळे.

या सगळ्यांत खरा अवघड आक्षेप तिसऱ्या पक्षाचा आहे. कर्ज सोडण्याचा हक्क ज्याचे पैसे बुडाले त्याचा. मग एकाने दुसऱ्याला लुबाडले असता देवाने परस्पर खाते मिटवणे कोणत्या न्यायात बसते? यहुदी परंपरा इथे स्पष्ट आहे: माणसाविरुद्ध केलेला अपराध त्या माणसाची समजूत काढल्यावाचून वार्षिक प्रायश्चित्ताच्या दिवशीही फिटत नाही. येशूच्या उपदेशातही याला उत्तर नाही असे नाही. भाऊबंदाचे गाऱ्हाणे शिल्लक असेल तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा असे तो सांगतो, आणि जक्कय नावाचा जकातदार लुबाडलेल्याच्या चौपट परत देण्याचे कबूल करतो तेव्हाच येशू त्याच्या घरी तारण, म्हणजे पापातून सुटका, आल्याचे जाहीर करतो. कॅथलिक पंथाने पश्चात्ताप आणि कबुली यांच्या जोडीला भरपाई हा क्षमाविधीचा तिसरा भाग मानला तो याच धाग्याने. हा धागा सैल पडतो आणि पीडितालाच क्षमेचा आग्रह केला जातो, तेव्हा नास्तिकाची टीका ख्रिस्ती माणसानेही निमूट ऐकण्याजोगी असते.

तिसऱ्या पक्षाचा हा प्रश्न एका घटनेत टोकाला गेला. ओडिशातल्या मनोहरपूर गावी २३ जानेवारी १९९९च्या पहाटे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले, फिलिप आणि टिमोथी, गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. त्याच वेळी क्षमा आणि गुन्ह्याची शिक्षा या वेगळ्या गोष्टी असून शिक्षा हे कायद्याचे काम आहे, हेही त्यांनी मांडले. स्वतःचे दुःख त्या सोडू शकत होत्या. मुलांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणाला, हा नास्तिकाचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. भारतीय कायद्याने तो आपल्यापुरता सोडवला आहे: खून हा तडजोडीने मिटवता येण्याजोगा गुन्हा नाही, मग नातलगांची इच्छा काहीही असो. मुख्य आरोपी दारासिंह याला २००३ साली मिळालेली फाशी उच्च न्यायालयाने २००५ साली जन्मठेपेवर आणली आणि जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम केली.