व्यवसायोपचार: परदेशातली पदवी आणि आपल्या घरातला प्रश्न

आजचा विषय आहे ऑक्युपेशनल थेरपीची परदेशातली मास्टर्स पदवी. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी यावर का बोलावे, असे कुणी विचारील. पण या शास्त्राच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो तत्त्वज्ञानाचाच आहे. शिवाय पनवेल-खारघरच्या घराघरांतून मुले बाहेर शिकायला निघाली आहेत. बँकेचे कर्ज काढण्यापूर्वी आपण नेमके काय शिकायला चाललो आहोत, हे समजून घेतलेले बरे.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, आणि घोटाळा इथेच होतो. व्यवसाय म्हटला की आपल्याला दुकान, धंदा, नोकरी आठवते. संस्कृतात मात्र या शब्दाचा अर्थ निश्चय, प्रयत्न असा आहे. गीतेतही तो निश्चयाच्याच अर्थाने येतो. हा जुना अर्थ या शास्त्राला जास्त जवळचा आहे. माणूस मनापासून, काही हेतूने जे जे करतो ते सगळे इथे ऑक्युपेशन. अंघोळ, भाजी निवडणे, देवपूजा, मुलाने दप्तर भरणे, म्हाताऱ्याने बाजारात जाऊन मासळी पारखणे, सगळे त्यात आले. हात किती वर जातो हे पाहायचेच. पण वर गेलेल्या हाताने या माणसाला काय करायचे आहे, हा या शास्त्राचा खास प्रश्न.

आपल्या जवळचे उदाहरण घ्या. पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवन आहे. कुष्ठरोग झालेल्या माणसांच्या पुनर्वसनाचे काम तिथे झाले. आता बघा, औषधाने कुष्ठरोगाचे जंतू मरतात, पण बधिर झालेल्या हाताची संवेदना बहुधा परत येत नाही. चहाचा कप गरम आहे हे त्या हाताला कळत नाही, आणि चटका बसून जखम होते. म्हणून भांड्याला लाकडी मूठ लावायची, स्पर्शाचे काम डोळ्यांकडून करून घ्यायचे, रोज हात तपासायचे, हे त्या माणसाला शिकवावे लागते. रोग बरा झाल्यावरही जगणे शिल्लक राहते. हा उपचार त्या जगण्याचा.

या विद्येचा इतिहास पाहिला, तर ती पहिल्यापासून देशोदेशी फिरलेली दिसते. 1917 साली अमेरिकेत या क्षेत्राची पहिली संघटना स्थापन झाली. ॲडॉल्फ मायर हे मूळचे स्वित्झर्लंडचे, अमेरिकेत स्थायिक झालेले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी 1922 साली या उपचाराच्या तत्त्वज्ञानावरच निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडे ही विद्या आणली कमला निंबकरांनी. त्या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्न होऊन भारतात आल्या, पुढे अमेरिकेत जाऊन हे शिक्षण घेतले, आणि 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात याची शाळा सुरू केली. 1952 साली जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या 10 संस्थापक देशांत भारत होता. तेव्हा परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलीने न्यूनगंड बाळगायचे कारण नाही. त्या घरात आपण पाहुणे नाही.

आता पदवीकडे येऊ. इथे पालकांची सर्वांत मोठी गफलत होते, म्हणून नीट ऐका. मास्टर्स दोन प्रकारची असते. एक, दुसऱ्या विषयातल्या पदवीधराला या पेशात प्रवेश देणारी. दुसरी, आधीच थेरपिस्ट असलेल्याला संशोधन आणि पुढचे ज्ञान देणारी. आपली मुलगी नीट देऊन, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची साडेचार वर्षांची पदवी घेऊन थेरपिस्ट झाली असेल, तर तिला सहसा दुसरा प्रकार हवा. युरोपात 1999 साली असा एक संयुक्त अभ्यासक्रम सुरू झाला. ॲमस्टरडॅमसह निरनिराळ्या देशांतल्या संस्थांनी मिळून तो चालवला.

पण पदवी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बरं का. ब्रिटनमध्ये काम करायचे तर तिथल्या आरोग्य व्यवसाय परिषदेकडे नोंदणी लागते. अमेरिकेत राष्ट्रीय परीक्षा आणि शिवाय त्या त्या राज्याचा परवाना. जागतिक महासंघाच्या किमान निकषात पहिल्या शिक्षणात 1000 तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे. त्या तासांची कागदपत्रे कॉलेजातून वेळीच घेऊन ठेवा. आणि मास्टर्स मुंबईतही करता येते, हार्बर लोकलने जाऊन-येऊन. तेव्हा परदेशात जायचे ते का, याचे उत्तर हवे.

आमच्या मते एक उत्तर असे. तिथे गेल्यावर आपल्या शास्त्राची गृहीतके उघडी पडतात. बार्थेल निर्देशांक नावाची 1965 सालची एक मोजपट्टी आहे. रुग्ण किती स्वावलंबी आहे ते तिने मोजतात. जेवणाच्या प्रश्नात पदार्थ कापणे आणि लोणी लावणे येते. आमच्या आगरी आजीबाई तांदळाची भाकरी हाताने मोडून कालवणात बुडवतात. त्यांना लोणी लावता येते की नाही, यावरून काय कळणार? बरे, हा फक्त लोण्याचा प्रश्न नाही. स्वावलंबन हेच सर्वोच्च मूल्य, हे कुणी ठरवले? अर्धांगवायूनंतर आजींना लुगडे स्वतः नेसता आले पाहिजे, असे थेरपिस्ट म्हणते. आजी म्हणतात, लुगडे सून नेसवील, मला भाकरी थापायची आहे, घरात माझा हात लागला पाहिजे. दोघींत कोण बरोबर?

मायकेल इवामा या जपानी-कॅनेडियन अभ्यासकाने नेमका हाच प्रश्न धरला. आयुष्य म्हणजे नदी. पाणी, खडक, वाहून आलेले ओंडके, काठ, सगळे एकमेकांत गुंतलेले. उपचार म्हणजे प्रवाहाला वाट करून देणे. याला कावा प्रतिमान म्हणतात. जपानीत कावा म्हणजे नदी. कॅनडातल्या अभ्यासकांनी दुसरा मार्ग काढला: रुग्णालाच विचारायचे की तुला महत्त्वाचे काय वाटते, आणि त्याच्याकडूनच 1 ते 10 असे गुण घ्यायचे.

आजींचे म्हणणे ऐकायचे याचा अर्थ लुगड्याचा प्रश्न सोडून द्यायचा, असा मात्र नाही. सुनेची पाठ धरली असेल, तिला नोकरी असेल. आणि संकोचामुळे आजी खरे बोलतही नसतील. हे सगळे विचारून घेणे हेच कौशल्य, आणि मास्टर्समध्ये तेच धारदार व्हायला हवे.

म्हणून जाणाऱ्यांना आमची विनंती. अर्जाबरोबर जे उद्दिष्टपत्र लिहाल, त्यात जगाची सेवा वगैरे लिहू नका. इथे पाहिलेला एक रुग्ण आणि त्याचा न सुटलेला एक प्रश्न लिहा. जमिनीवर बसणे, हाताने जेवणे, एकत्र कुटुंबात आजारी पडणे, यांवर तुमचा प्रबंध होऊ शकतो. पालकांनी पगार विचारावा, जरूर विचारावा. पण शिकून आल्यावर तू कुणाला काय विचारशील, हेही मुलांना विचारावे.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.