उंची मोटार जुनी घेऊन रोज वापरावी काय?

विलायतेत नोकरीस असलेल्या आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र गेल्या नाताळात आम्हांस आले. तो राहतो लंडनच्या वेशीबाहेर आणि नोकरी आहे वेशीच्या आत. रोजचे जाणे-येणे पन्नास किलोमीटरांचे व तेही मोटारीने. त्याने लिहिले होते, "सर, येथे इटलीची मासेराती ११,००० पौंडांस मिळत आहे. एवढ्या पैशांत नवी साधी मोटारसुद्धा बहुधा येत नाही. घेऊ काय?" त्याची शिल्लक १४,००० पौंड होती आणि पुढील जूनपासून धाकट्या बहिणीच्या परिचारिका-शिक्षणाची फी त्यातूनच द्यावयाची होती. आम्ही त्यास सविस्तर उत्तर लिहिले. त्यातील हिशेब व यंत्रज्ञान आमच्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून, त्याच्या अनुमतीने व नाव वगळून, ते येथे मांडीत आहोत. बुरूज बांधणाऱ्याचा शुभवर्तमानातील दृष्टान्त त्यास शाळेत असताना आम्हीच शिकविला होता. म्हणून उपदेश न करिता एकदम हिशेबास हात घातला.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. 'क्वात्रोपोर्ते' या इटालियन शब्दाचा अर्थ केवळ 'चार दारे' एवढाच. या मोटारीची पाचवी पिढी २००३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. तिचा घाट पिनिनफारिना या नामांकित संस्थेने घडविला. तिचे आठ सिलिंडरांचे, ४.२ लिटरचे इंजिन मारानेल्लो येथील फेरारीच्या कारखान्यात तयार होई, आणि त्याची शक्ती सुमारे ४०० अश्वशक्ती. नवी असताना इंग्लंडात तिला ७०,००० पौंडांच्या आसपास मोजावे लागत. सौंदर्याविषयी वाद नाही. आम्ही चित्र पाहिले आणि मुलाचे मन का गेले ते आम्हांस तत्काळ कळले.

मग सत्तर हजारांची वस्तू अकरा हजारांवर का यावी? मोटार जुनी झाली म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. ज्याच्यापाशी सत्तर हजार आहेत तो नवी घेतो. ज्याच्यापाशी पंधरा आहेत त्यास ती हवीशी वाटते, पण दुरुस्तीच्या भीतीने तो मागे सरतो. गिऱ्हाईक थोडे, म्हणून भाव पडतो. परंतु पडतो तो मोटारीचा भाव. तिच्या सुट्या भागांचा नव्हे. ब्रेकची चकती, गिअरबॉक्सचा पंप, पुढचा दिवा ही सर्व अद्यापि सत्तर हजारांच्या मोटारीचीच आहेत आणि त्याच मानाने त्यांची किंमत घेतली जाते. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, असे आपल्याकडे म्हणतात ते याच अर्थाने. विकणारा कोंबडीचा भाव सांगतो, मसाल्याचा सांगत नाही.

याचे उत्तम उदाहरण या मोटारीचा क्लच होय, आणि यंत्राची आवड असलेल्या मुलांनी येथे थोडे थांबावे. २००३ च्या या मोटारीस 'डुओसिलेक्ट' नावाचा गिअरबॉक्स होता. त्यात चालकाच्या पायाशी क्लचचे पेडल नाही. परंतु क्लचच्या चकत्या मात्र साध्या मोटारीप्रमाणेच आहेत. त्या दाबण्या-सोडण्याचे काम तेलाच्या दाबाने होते व त्यावर विजेच्या यंत्रणेची देखरेख असते. मोकळ्या रस्त्यावर हे सर्व ठीक चालते. पण लंडनच्या सकाळच्या गर्दीत मोटार चार हात पुढे जाते, थांबते, पुन्हा चार हात पुढे जाते. प्रत्येक वेळी चकत्या अर्धवट चिकटून परस्परांवर घासतात, तापतात आणि झिजतात. म्हणजे त्याचा रोजचा रस्ता हाच तिच्या सर्वांत नाजूक भागाचा शत्रू! नव्या क्लचचा खर्च हजारो पौंडांच्या घरात जातो.

२००७ साली याच मोटारीस जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळाला. त्यात इंजिन व गिअर यांच्यामध्ये तेल असते. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात. वाऱ्याच्या जागी तेल कल्पिले की हे तत्त्व समजले. चालू पडताना चकत्यांचे घर्षण नाही, म्हणून गर्दीतील ती झीजही नाही. तेव्हा रोजच्या वापरास घ्यावयाचीच तर ही पुढील मोटार घ्यावी, हे उघड दिसते.

पण येथे कर आडवा येतो. इंग्लंडात २३ मार्च २००६ या दिवशी किंवा त्यानंतर नोंदलेली व एवढा धूर सोडणारी मोटार सर्वांत वरच्या वर्गात पडते आणि तिला वर्षाला ७०० पौंडांहून अधिक रस्ताकर द्यावा लागतो. त्या तारखेपूर्वी नोंदलेलीस साधारण ४०० च भरावे लागतात. म्हणजे क्लच चांगला तर कर जड. उलट, लंडनच्या सर्व विभागांत ऑगस्ट २०२३ पासून धुराविषयीचा कडक नियम लागू आहे. त्यात न बसणाऱ्या मोटारीस दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात, आणि २००६ पूर्वीच्या पेट्रोल मोटारींपैकी कित्येक त्यात बसत नाहीत. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर ही रक्कम २,७५० पौंड होते. यासाठी विशिष्ट मोटारीचा दाखला आधीच पाहून ठेवणे अवश्य.

पेट्रोलाचे गणित इयत्ता सातवीच्या मुलानेही करून पाहावे. पन्नास किलोमीटर गुणिले २२० दिवस म्हणजे ११,००० किलोमीटर. ही मोटार शंभर किलोमीटरांस १७ लिटर पिते असे धरू, साधी मोटार ७ लिटर. वर्षाचा फरक १,१०० लिटरांचा. लिटरास १.४० पौंड दर धरल्यास १,५४० पौंड नुसत्या जास्तीच्या पेट्रोलात गेले. आमच्या विद्यार्थ्याची मोटार घेतल्यानंतरची शिल्लक ३,००० पौंड होती, हे येथे लक्षात घ्यावे. विम्याचा हप्ता तर आम्ही धरलाच नाही.

सर्वच उंची मोटारी एका माळेचे मणी नाहीत. मासेरातीच्या या इंजिनात व्हॉल्व्ह चालविण्यास लोखंडी साखळी आहे, ही एक जमेची बाजू. फेरारी ३५५ ही १९९४ ते १९९९ या काळात निघालेली मोटार; तिच्यात रबरी दातेरी पट्टा आहे. रबर चालण्याने झिजते तसेच नुसत्या वयानेही कुजते, म्हणून मोटार उभी असली तरी काही वर्षांनी पट्टा बदलावाच लागतो. आणि तो असतो इंजिनाच्या पुढल्या अंगास, बैठकीच्या भिंतीशी, जेथे हात पोचत नाही. मग संपूर्ण इंजिनच खाली उतरवावे लागते! पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि त्या इंजिनात व्हॉल्व्ह चाळीस आहेत. याउलट होंडाने १९९० साली एनएसएक्स नावाची ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची मोटार काढली. ती वेगवान असूनही साध्या मोटारीसारखी रोज चालते अशी तिची कीर्ती आहे. मात्र ही कीर्ती बाजारासही ठाऊक असल्यामुळे ती आता स्वस्त मिळत नाही.

आमच्या विद्यार्थ्याने एक मुद्दा चांगला मांडला होता: नवी मोटार पहिल्या वर्षीच हजारो पौंडांनी उतरते, जुनी मासेराती जेवढी उतरावयाची तेवढी उतरून चुकली, मग तोटा कोणाचा? यात तथ्य आहे. शिवाय मोटार उभी ठेवण्यापेक्षा चालविलेली बरी, हेही खरे; उभ्या मोटारीची बॅटरी उतरते, तेलबंद वाळतात. तथापि साध्या मोटारीचा तोटा आधी ठाऊक असतो व तो दरसाल थोडाथोडा येतो. या मोटारीचा तोटा एखाद्या मंगळवारी सकाळी एकदम येतो, आणि सुटा भाग इटलीहून येईपर्यंत कामावर कसे जावे हा प्रश्न वेगळाच. दुसरे वाहन दारी असेल तर ही अडचण नुसता खर्च ठरते. एकच वाहन असेल तर नोकरीवर बेतते.

आपल्याकडे मासेराती क्वचितच दृष्टीस पडते. परंतु सात-आठ वर्षांची जर्मन मोटार नव्या लहान मोटारीच्या भावात पुण्या-मुंबईस मिळते, आणि पालकांपैकी कित्येकांनी तिच्याभोवती फेऱ्या घातल्या असतील. वरील हिशेब तेथेही लागू पडतो. त्यात आपले गतिरोधक व जुलैचे तुंबलेले पाणी तेवढे मिळवावे.

शेवटी आम्ही त्यास असे लिहिले. एकमेव वाहन म्हणून ही मोटार तू घेऊ नयेस असे आमचे मत आहे. बहिणीची फी बाजूला काढल्यावर, मोटारीच्या किमतीच्या निम्मी रक्कम केवळ दुरुस्तीसाठी हाती राहत असेल आणि घरात दुसरी साधी मोटार असेल, तर आम्ही हरकत घेणार नाही. सुंदर यंत्राचा आनंद हाही आनंदच आहे. तरीही मन ऐकत नसेल, तर त्या जातीच्या मोटारी जाणणाऱ्या कारागिराकडून तपासणी करून घे. त्याच्या यंत्रावर डुओसिलेक्टचा क्लच किती झिजला आहे याचा आकडा निघतो. तेथील सरकारी वार्षिक तपासणीच्या दाखल्यावर विसंबू नकोस. तिच्या जुन्या नोंदी कोणासही फुकट पाहता येतात व त्या अवश्य पाहाव्यात; पण त्या तपासणीत इंजिन, क्लच व गिअरबॉक्स यांच्या स्थितीचा विचार होतच नाही, आणि तुझे पैसे जावयाचे ते नेमके तेथेच.

त्याचे उत्तर ईस्टरच्या सुमारास आले. त्याने विकणाऱ्याकडे दुरुस्तीचे नोंदपुस्तक व क्लचचा आकडा मागितला आहे. विकणारा म्हणतो की मोटार उत्तम चालते, आकडा कशाला हवा? बहिणीचा प्रवेश-अर्ज मात्र पैशांसह भरून झाला आहे.