जमीन आणि कायदा : लेखांक ६
‘नाही’ म्हणू शकणारा आयोग

२१ डिसेंबर १९७२ रोजी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने एका आदेशासरशी शेतजमिनीचे प्लॉट पाडणे बंद केले. डेव्ह बॅरेट मुख्यमंत्री होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. प्रांत अफाट, पण बहुतेक डोंगर आणि जंगल. कसण्याजोगी जमीन पाच टक्क्यांच्या आसपास. त्यातलीही सुमारे सहा हजार हेक्टर दरवर्षी घरे-रस्त्यांखाली जात होती.

एप्रिल १९७३ मध्ये कायदा झाला, आयोग नेमला गेला आणि सुमारे ४७ लाख हेक्टर जमिनीभोवती शेतीसाठी राखीव म्हणून रेघ ओढली गेली. जमीनमालक खवळले, राजधानी व्हिक्टोरियात मोर्चे निघाले. १९७५ मध्ये बॅरेट निवडणूक हरले. कायदा टिकला.

आपल्याकडे जमीन एनए (बिगरशेती) करायची तर प्रकरण वर्षानुवर्षे महसूल खात्याकडे जात आले आहे. ब्रिटिश कोलंबियात मात्र राखीव क्षेत्रातून जमीन वगळायची, तिचे तुकडे करायचे किंवा तिच्यावर शेतीखेरीज दुसरे काही करायचे, तर स्वतंत्र आयोगाची मंजुरी लागते. नगरपालिकेचा नियम या कायद्याशी विसंगत असेल तर तो तेवढ्यापुरता निष्प्रभ ठरतो. आयोगाचे अधिकारी पाहणीसाठी जमिनीवर जाऊ शकतात, काम थांबवू शकतात. कुणी परवानगीविना शेतात भराव टाकला तर तो उपसून जमीन पूर्ववत करण्याचा हुकूम देऊ शकतात. प्रशासकीय दंड एक लाख डॉलरपर्यंत.

आयोगाच्या नकाराधिकाराचा कस लागला याच प्रांतातल्या रिचमंड शहरात. तिथल्या ‘गार्डन सिटी लँड्स’ या ५५ हेक्टरच्या दलदलीच्या माळावर इमारती उभारायला शहर, केंद्र सरकारची जमीन कंपनी आणि मस्क्वीम हे आदिवासी राष्ट्र असे तिघेही राजी होते. शहराच्या मध्यभागाला लागून असलेली, सोन्याच्या भावाची जागा. अनेक रहिवाशांनी मात्र विरोध लावून धरला. २००९ मध्ये आयोगाने जमीन वगळायला नकार दिला. पुढच्याच वर्षी शहराने ती ५ कोटी ९२ लाख डॉलरना विकत घेतली, आणि पुढे तिच्या एका भागात क्वांटलेन विद्यापीठाचे विद्यार्थी भाजीपाला पिकवू लागले. इतके मातब्बर अर्जदार समोर असताना नकार द्यायचा, तर कायद्याची भक्कम पाठराखण लागतेच.

पण आयोगाच्याही वर मंत्रिमंडळ आहे. १९७७ च्या दुरुस्तीने मालकांना थेट मंत्र्यांकडे दाद मागता येऊ लागली आणि राजकीय वजनावर जमिनी सुटू लागल्या. ही वाट बंद व्हायला १९९३ उजाडले. तरीही सरकारच्या हाती स्वतःचा हुकूम राहिलाच. पीस नदीवरील ‘साइट सी’ धरणासाठी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने खोऱ्यातील जमीन राखीव क्षेत्रातून परस्पर काढली. आयोगाला त्यात निर्णयाचा अधिकारच उरला नाही. कायद्यातली ही सर्वांत मोठी फट, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे.

अलीकडे पकड घट्ट झाली आहे. शेतात आलिशान बंगले उठू लागले, तेव्हा २०१९ पासून नव्या घराला साधारणपणे ५०० चौरस मीटरची मर्यादा आली. सप्टेंबर २०२० अखेरपासून खासगी मालकाला जमीन वगळण्याचा अर्ज स्वतः करताच येत नाही. मग जमिनीची किंमत बांधली गेली, त्याची भरपाई मालकाला मिळते का? कायदा म्हणतो, नाही. त्यामागचा युक्तिवाद पुढील लेखांकात पाहू.