ऑफिसातून निवृत्त, दिवाणखान्यात रुजू

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एक वर्षाची वाढीव मुदत कशी मिळवायची, हेही एव्हाना सगळ्यांनी वाचलं आहे. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं निव्वळ नियमापोटी बाद ठरली. त्यातले जाड शब्दकोशाएवढे छोटे डेस्कटॉप ऑफिसं एकगठ्ठा काढून टाकतात आणि ते जुन्या मालाच्या दुकानात येतात. घरच्या सिनेमासाठी ही यंत्रं उत्तम आहेत, असं माझं ठाम मत आहे. टीव्हीला जोडल्यावर ती रखडतात, ही तक्रार खरी आहे. पण त्या रखडण्याचा दोष बहुतेक वेळा प्रोसेसरच्या वयाचा नसतो. जे काम ज्याचं नाही ते त्याच्या गळ्यात पडलेलं असतं, आणि ते काढून घेतलं की तेच यंत्र पळू लागतं.

आधी डिस्क घ्या. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पुरा करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवा तो तुकडा सुईखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद नुसते वाट बघण्यात जातात, आणि सुई योग्य जागी सरकण्याचा वेळ वेगळाच. अशा डिस्ककडून सेकंदाला विखुरलेली शंभर वाचनंही धड होत नाहीत. साध्या ब्ल्यू-रे दर्जाच्या चित्राला मात्र सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट पुरतात, आणि सलग वाचायचं असेल तर जुनी डिस्कही त्याच्या कितीतरी पट देते. म्हणून सिनेमा सुरळीत चालतो आणि अडकते ती यादी. शे-दोनशे पोस्टर दाखवायची म्हणजे तितक्याच बारीक फाइली इथूनतिथून गोळा करायच्या. त्यामुळे सगळे सिनेमे एसएसडीवर हलवण्यात पैसे घालू नयेत. सगळ्यात लहान एसएसडी घ्यावी, तिच्यावर फक्त सिस्टीम आणि सिनेमांची यादी दाखवून ते लावणारं कोडीसारखं सॉफ्टवेअर ठेवावं, सिनेमे जुन्या डिस्कवर राहू द्यावेत. रॅमचंही असंच आहे. या यंत्रांना वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, चित्राचं काम मुख्य रॅममधूनच होतं. ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४ जीबीच्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण ये-जा करायला दोन वाटा मिळतात. पंख्यातली धूळ काढायला विसरू नये. तापलेला प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो.

विंडोज ठेवायचीच कशाला, हा पुढचा प्रश्न. लिब्रइलेक ही लिनक्सची आवृत्ती सुरू होते तीच थेट कोडीमध्ये. मागे ना अँटिव्हायरस, ना अपडेटची घरघर. तिची अपडेट्स येत राहतात, त्यामुळे सपोर्ट संपल्याचा प्रश्नही मिटतो. मात्र यंत्र घेण्याआधी आपल्याकडच्या फाइली कोणत्या जातीच्या आहेत, म्हणजे त्यांतलं चित्र कोणत्या पद्धतीने दाबून साठवलं आहे, ते पाहा. सहाव्या पिढीची चिप एच.२६४ आणि ८ बिट एचईव्हीसी स्वतःच्या खास सर्किटवर उलगडते, १० बिट एचईव्हीसी सातव्या पिढीपासून नीट जमतं, आणि एव्ही१ या दोघींच्याही आवाक्याबाहेर आहे. सर्किटला न येणारी फाइल प्रोसेसरच्या डोक्यावर बसते, पंखा ओरडू लागतो. सिनेमा चालू असताना कीबोर्डवर ओ दाबा; डिकोडरच्या नावापुढे एचडब्ल्यू दिसलं तर काम योग्य हाती आहे. संग्रह बहुतांशी एव्ही१ मध्ये असेल, तर जुनं यंत्र घेऊ नका, २०२३ मध्ये आलेल्या एन१०० चिपचा नवा डबा घ्या.

टीव्हीला लावायची छोटी स्ट्रीमिंग स्टिक मिळत असताना हा उपद्व्याप कशाला, असं कुणी म्हणेल. ओटीटीपुरतं बोलायचं तर ते बरोबरच आहे. कॉपी-संरक्षणाच्या अटींमुळे लिनक्सवर बहुतेक सेवा कमी दर्जाचं चित्र देतात, तेव्हा त्यासाठी स्टिकच ठेवावी. विजेचा आक्षेप मात्र टिकत नाही. असा डबा रिकामा असताना साधारण १० वॅट घेतो. महिनाभर चोवीस तास चालू ठेवला तरी सात-आठ युनिट होतात. हा संगणक लागतो तो आपल्या मालकीच्या गोष्टींसाठी. त्या कशा दिसाव्यात हे इथे आपण ठरवतो, आणि त्यातली सगळ्यात मोलाची सेटिंग लोक उघडूनही बघत नाहीत.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, तर संगणक टीव्हीला सहसा ६० हर्ट्झने चित्र पाठवतो. ६० ला २४ ने भाग जात नाही. मग एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, असं दाखवून हिशेब जुळवला जातो. एक ३३ मिलिसेकंद टिकते, दुसरी ५०. कॅमेरा शेतावरून संथ फिरतो तेव्हा बांधावरची झाडं बारीक हिसके देत सरकतात ती यामुळे. लोक याला ‘कॉम्प्युटर स्लो आहे’ म्हणतात आणि नवा प्रोसेसर आणतात. हिसके तसेच राहतात. इलाज कोडीच्या प्लेअर सेटिंगमध्ये आहे: ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ वर ठेवा. टीव्हीला २४ हर्ट्झ चालत असेल, तर प्रत्येक फ्रेम सारखीच, जवळपास ४२ मिलिसेकंद टिकते. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

घरातल्या लग्नाच्या कॅसेटीला तर याची सर्वात जास्त गरज आहे. आपल्याकडचं व्हिडिओ चित्रण पाल पद्धतीचं होतं: सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत विणलेली, एकात विषम रेषा आणि दुसऱ्यात सम. डिजिटल केलेली अशी फाइल तशीच लावली की दोन वेगळ्या क्षणांच्या रेषा एकत्र दिसतात आणि हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या कडेला फणीचे दात फुटतात. डीइंटरलेसिंग चालू करा, टीव्ही ५० हर्ट्झवर जाऊ द्या. प्रत्येक अर्ध्या चित्राला स्वतःचा क्षण परत मिळतो, दात जातात. चित्र व्हीएचएसचंच राहतं, थोडं धूसर, रंग उडालेलं. पण अंतरपाट दूर होताना अक्षता टाकणाऱ्या आजीचा हात सलग वर जातो आणि खाली येतो.