फोन आपला, आज्ञावली परक्यांची

वाराणसीत पंचगंगा घाटाला लागून असलेला बालाजी घाट मराठी माणसाला पेशव्यांमुळे आणि संगीतप्रेमींना उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या रियाझामुळे ठाऊक आहे. याच घाटावर आता नावेचे भाडेही मोबाइलवरून चुकते होते. पंतप्रधानांच्या मतदारसंघातील हे दृश्य ‘डिजिटल इंडिया’च्या यशाचे प्रतीक म्हणून मांडता येईल. मात्र, ज्या प्रोसेसरमुळे साधा फोनही एका चार्जिंगवर दिवसभर तग धरतो, त्याची रचना आली केम्ब्रिजहून.

१९८५ मध्ये तेथील एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ‘आर्म’ची पहिली चिप घडवली. मोजक्या, सोप्या आज्ञा; म्हणून ट्रान्झिस्टर थोडे आणि विजेचा खर्चही थोडा. चाचणीच्या वेळी वीजजोडणी झालेलीच नव्हती, तरी इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवर ती चालली! पुढे मोबाइलचे जग या घराण्याने व्यापले.

आर्म मुख्यतः चिप विकत नाही, परवाने विकते. परवान्याचे राजकारण २०१९ च्या मे महिन्यात उघड झाले. अमेरिकी निर्बंधांमुळे या ब्रिटिश कंपनीने चीनच्या ह्युआवेशी व्यवहार थांबवले. काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू झाले खरे, पण दिल्लीने त्यातून जो बोध घ्यायचा तो घेतला.

तसा भारताचा या तंत्राशी परिचय जुना. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांची एन्कोर कंपनी यांनी घडवलेला ‘सिम्प्युटर’ आर्म घराण्यातील प्रोसेसरवरच चालत होता. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने तो बाजारात आला. विक्री मात्र काही हजारांवरच अडली. कल्पना काळाच्या पुढे होती, खरेदीदार सरकार मागे राहिले.

आता आशा ‘रिस्क-फाइव्ह’वर आहे. बर्कली येथे २०१० मध्ये जन्मलेल्या या खुल्या आज्ञासंचाला स्वामित्वशुल्क नाही. त्याची संघटनाही २०२० मध्ये अमेरिकेतून स्वित्झर्लंडला गेली, तीही तटस्थतेसाठीच. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर याच पायावर उभे असून, एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. गंमत अशी, की पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने महासंगणकासाठी आखलेल्या ‘औम’ प्रोसेसरचा आराखडा आर्मवरच बेतलेला आहे. सॉफ्टवेअरचा गोतावळा तिकडे तयार असल्यावर दुसरे काय होणार? मोबाइलची अडचणही तीच.

सरकारचा कल मात्र आकड्यांतून दिसतो. २०२० मध्ये मोबाइल आणि सुट्या भागांच्या उत्पादनाला प्रोत्साहन म्हणून सुमारे ४१ हजार कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. डिसेंबर २०२१ च्या ७६ हजार कोटींच्या सेमीकंडक्टर कार्यक्रमात चिपच्या आराखड्यांसाठीच्या प्रोत्साहन योजनेच्या वाट्याला आले एक हजार कोटी.