बिनतारी छपाईमागचे विज्ञान

संगणक आणि प्रिंटर यांना जोडणारी तार गेली, तरी ती तार जी कामे निमूटपणे करत होती ती संपली नाहीत. प्रिंटर शोधणे, त्याच्याशी संवाद साधणे आणि पानाचे चित्र त्याच्यापर्यंत पोचवणे ही तीन कामे आता घरातल्या वायफायवरून पार पाडावी लागतात. छपाई अडते तेव्हा दोष बहुधा प्रिंटरच्या यंत्रणेत नसून पहिल्या कामात असतो, आणि हे एकदा उमगले की दुरुस्तीचा बराच भाग घरच्या घरी करता येतो.

सर्वप्रथम प्रिंटरला घरच्या जाळ्यात सामील करून घ्यावे लागते. ज्या प्रिंटरला पडदा असतो त्यावर वायफायचे नाव निवडून पासवर्ड टाकता येतो. पडदा नसलेले अनेक प्रिंटर सुरुवातीला स्वतःचेच तात्पुरते वायफाय निर्माण करतात आणि उत्पादकाचे अ‍ॅप फोनमार्फत त्यांना राउटरचा पासवर्ड कळवते. अनेक राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन कंप्रतापट्ट्यांवर चालतात, परंतु घरगुती वापराच्या कित्येक प्रिंटरांना केवळ 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा समजतो, त्यामुळे दुसऱ्या पट्ट्याचे नाव त्यांच्या यादीत दिसतच नाही. फोन मात्र कोणत्याही पट्ट्यावर असला तरी सहसा चालतो, कारण दोन्ही पट्टे एकाच जाळ्याचे भाग असतात.

यानंतर येतो शोधाचा टप्पा. फोनला प्रिंटरचा पत्ता ठाऊक नसतो, म्हणून वाड्याच्या चौकात उभे राहून सर्वांना ऐकू जाईल अशी हाक मारावी, तसा तो 224.0.0.251 या सामायिक पत्त्यावर ‘येथे छपाई कोण करते?’ अशा अर्थाचा संदेश सोडतो आणि प्रिंटर आपले नाव व पत्ता कळवून त्याला ओ देतो. ‘मल्टिकास्ट डीएनएस’ नावाची ही पद्धत अ‍ॅपलने 2002 मध्ये व्यवहारात आणली आणि 2013 मध्ये ती इंटरनेटचे अधिकृत मानक म्हणून प्रसिद्ध झाली. ही हाक एका जाळ्याच्या सीमेबाहेर जात नाही. त्यामुळे फोन पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर असेल, मोबाइल डेटावर असेल किंवा राउटरमध्ये उपकरणांना एकमेकांपासून अलग ठेवणारी सोय चालू असेल, तर शेजारीच ठेवलेला प्रिंटरही सापडत नाही.

प्रिंटर सापडल्यावर संवाद सुरू होतो तो ‘इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल’ या नियमावलीनुसार. पूर्वी प्रत्येक मॉडेलसाठी ड्रायव्हर, म्हणजे त्या यंत्राची भाषा जाणणारे सॉफ्टवेअर, संगणकात बसवावे लागे. आता फोन प्रिंटरलाच कागदाचा आकार, रंग आणि स्वीकारार्ह फाइलप्रकार विचारून घेतो. आयफोनवर 2010 पासून असलेले ‘एअरप्रिंट’ आणि कॅनन, एचपी, सॅमसंग व झेरॉक्स यांनी 2013 मध्ये स्थापलेल्या ‘मोप्रिया’ संघटनेचे मानक, ही दोन्ही याच पायावर उभी आहेत.

शेवटी पानाचे रूपांतर ठिपक्यांत होते. एका इंचात 300 ठिपके धरले, तर ए-4 आकाराच्या पानावर सुमारे 87 लाख ठिपके बसतात आणि रंगीत पानाची मूळ माहिती 26 मेगाबाइटच्या घरात जाते. कोऱ्या जागेची पुनरुक्ती गाळून ती पुष्कळ आकुंचित करता येते, पण छायाचित्रात अशी पुनरुक्ती थोडी असल्याने वायफाय क्षीण असेल तेथे छायाचित्राची छपाई रेंगाळते.

काही दिवस सुरळीत चालून संगणकावर प्रिंटर अचानक ‘ऑफलाइन’ दिसू लागतो, त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे राउटरने त्याला नवा पत्ता दिलेला असतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर शोध घेत राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवल्यास हा त्रास टळतो.

नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट आणि मोप्रिया यांची चिन्हे आहेत का, हे आवर्जून पाहावे. गूगलची ‘क्लाउड प्रिंट’ ही सेवा 2020 च्या अखेरीस बंद झाली तेव्हा केवळ तिच्यावर विसंबून असलेल्यांना दुसरी सोय शोधावी लागली; खुल्या मानकांवर घरातल्या घरात चालणारी छपाई मात्र कोणत्याही एका कंपनीच्या दूरच्या सेवेवर अवलंबून नसते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने तीच अधिक भरवशाची आहे.